आधी पलीकडे, मग हिरवा

४ नोव्हेंबर

प्रिय पान्या,

हँगरच्या कपाटात तुझ्या तीन वस्तू सापडल्या. लोकरी टोपी, चष्म्याची रिकामी डबी, आणि तो पाना, ज्याच्यावरून तुझं हे नाव पडलं. पार्सल केलं आहे. पाना बांधायच्या आधी वापरून बघितला. तोंड पसरलंय त्याचं. मालकावर गेलाय.

फोन केला असता. पण आधी फोन कुणी करायचा यावर आपलं अडलेलं आहे, आणि त्या बाबतीत मी हरणाऱ्यातला नाही. शिवाय फोनवर तू सगळ्याला 'हो हो' म्हणतोस. कागदावर 'हो हो' लिहायची माणसाला लाज वाटते, म्हणून पत्र.

इकडे सगळं ठीक. तुझी ताई गेली तेव्हा खोलीतला आवाज गेला, आणि तू गेलास तेव्हा हँगरमधला. आवाज नसला की काम मन लावून होतं, हा एक फायदा. रेडिओही बंद ठेवतो हल्ली. पत्र्यावर पक्षी बसतात त्यांच्या नखांचा आवाज येतो, एवढंच.

टपालाचं विमान जॅकवर चढवलं आहे. पुढच्या चाकाच्या कोपराची बुशिंग, ती सांध्यातली कडी, झिजली होती. बदलली. जुनी हातात धरून फिरवली तर अंडाकृती झालेली कळत होती, आणि तुझ्या त्या लाडक्या तपासणीवाल्या साहेबाने मागच्या वर्षी ती 'चालेल' म्हणून सोडली होती. आता बुशिंग नवी म्हटल्यावर स्विचची जागाही नव्याने बसवायला हवी.

तू विचारशील, हे एकट्याने कसं करणार? एकट्याने नाही करत. माणूस मिळालाय. नवा. बरा आहे.

जाताना आपली बोलाचाली झाली तेव्हा मी म्हणालो होतो, तुझ्यावाचून माझं काही अडत नाही. रागात बोललो असं तुला वाटलं असेल. तसं काही नाही. खरंच अडलेलं नाही.

नातीला पापा.

तुझा,
भावोजी

•

१५ नोव्हेंबर

भावोजी, नमस्कार.

यापुढे 'विनंती विशेष' लिहायची रीत आहे. पण विनंती काही नाही, आणि विशेषही काही नाही.

पार्सल मिळालं. टोपी इथे लागत नाही, घरात उकडतं. पाना उशाशी ठेवलाय. लेक म्हणाली, "बाबा, उशाशी लोखंड कशाला?" म्हटलं, "वाईट स्वप्नं पडू नयेत म्हणून." तिने मान डोलावली. खरं कारण तिला काय सांगायचं!

इकडे घर म्हणजे गोकुळ. सकाळी लेक, जावई आणि नात यांची जी पळापळ चालते ती बघण्यासारखी असते. कुणाचा डबा, कुणाचे मोजे, कुणाची किल्ली. मी मधे राजासारखा चहा घेत बसतो. आठवा मजला, खिडकीतून लांबवर दिसतं. म्हणजे समोरची इमारत दिसते, पण ती लांबवर आहे. दुपारी जरा शांत असतं, तेव्हा मी हात चालवून घेतो. लिफ्टचं दार नीट लागत नव्हतं, ते बसवलं. मग शेजाऱ्यांचे नळ घेतले. आता या मजल्यावरचे गळके नळ संपले. खालच्या मजल्यावर ओळख काढावी लागेल.

नवा माणूस मिळाला हे फार छान झालं. मनापासून सांगतो. कुठून आला? काय म्हणता त्याला? माझ्या स्टुलावर बसतो का? बसत असेल तर सांगा, एक पाय आखूड आहे, उजवीकडे कलायचं नाही. माझ्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं.

सोबत त्याच्यासाठी एक चिठ्ठी आहे. वेगळ्या पाकिटात, चिकटवून. तुम्ही उघडू नका. उघडाल, माहीत आहे, पण निदान वाफेवर धरून उघडा, फाडू नका.

आपला,
पान्या

•

(वेगळ्या पाकिटातली चिठ्ठी)

नव्या दादा, नमस्कार.

आपली ओळख नाही. तुम्ही आता जिथे बसता तिथे मी बरीच वर्षं बसत होतो. भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. ताई आता नाही. त्यांनी कामाचं सगळं सांगितलंच असेल, पण ते सांगतात तेव्हा फार भरभर सांगतात आणि एकदाच सांगतात, म्हणून मी सावकाश लिहितो.

टपालाच्या विमानाची चाकं उडताना पोटात जातात आणि उतरताना बाहेर येतात. पुढच्या चाकाला धरून ठेवणारी दांडी दोन तुकड्यांची आहे, मधे सांधा. तिला आम्ही कोपर म्हणतो. चाक खाली आलं की हे कोपर सरळ होतं. पण नुसतं सरळ होऊन भागत नाही. सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन ते टेकलं पाहिजे. पलीकडे गेलं, की वरून हत्ती बसला तरी मुडपत नाही. अलीकडे राहिलं, तर एका धक्क्यात मुडपतं.

तिथेच एक छोटा स्विच आहे. कोपराने तो दाबला की वैमानिकापुढे हिरवा दिवा लागतो आणि चाकं ढकलणारा पंप थांबतो. आता हा स्विच घाईचा बसवला, तर कोपर रेषेच्या अलीकडे असतानाच दिवा लागेल आणि पंप थांबेल. जॅकवर असताना हे लक्षात येत नाही, कारण तिथे चाक झोकाने उरलेलं अंतर जातंच. नंतर खाली वाकून बघाल तर कोपर पलीकडे टेकलेलं दिसेल. पण हवेत समोरून वारा चाकाला मागे रेटत असतो. तिथे झोक नाही.

म्हणून शेवटी कोपर कुठे आहे हे बघून उपयोग नाही. आधी काय झालं, ते बघायचं. आणि ते एका माणसाला दिसत नाही. वरचा माणूस वैमानिकाच्या जागी बसून चाकांचा दांडा ओढतो आणि दिव्यावरून नजर काढत नाही. खालचा चाकापाशी आडवा होऊन कोपरावरून नजर काढत नाही. कोपराने रेषा ओलांडली की खालचा ओरडतो, "पलीकडे!" दिवा लागला की वरचा ओरडतो, "हिरवा!" आधी पलीकडे, मग हिरवा. उलटं ऐकू आलं तर स्विच पुन्हा बसवायचा. दोन्ही एकदम ऐकू आलं तरी पुन्हा बसवायचा. भावोजी खाली असतात. तुम्ही वर.

आता त्यांच्याविषयी. ते ओरडतात. खूप ओरडतात. मनावर घेऊ नका. ओरडत असतात तोवर सगळं ठीक असतं, गप्प झाले की जवळ जाऊन उभे राहा. चहा ओतून विसरतात आणि गार झाला म्हणून तुमच्यावर चिडतात. दुसरा करून द्या, तोही विसरतील. शाळेचा विषय काढू नका. सगळं स्वतः शिकले आहेत, त्याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. माझ्या ताईचा विषय काढू नका. त्यांनी काढला तर हातातलं काम खाली ठेवून ऐका.

तुमचा,
वरचा माणूस (माजी)

•

२४ नोव्हेंबर

माननीय महोदय,

आपली चिठ्ठी पोहोचली. माझे अक्षर चांगले नसल्याने हे पत्र छापून पाठवीत आहे, त्याबद्दल क्षमस्व.

येथे रुजू झाल्यापासून मी अत्यंत समाधानी आहे. साहेबांसारखा कारागीर मी पाहिला नाही. कोणतीही पदवी नसताना केवळ स्वतःच्या बळावर एवढी मजल गाठणे ही सामान्य गोष्ट नव्हे. त्यांचा स्वभाव शांत असून ते कधीही ओरडत नाहीत.

स्टुलाबाबत आपण केलेली सूचना योग्य आहे. तथापि आखूड पायाखाली साहेबांनी स्वतः सागवानी चकती बसविली असून स्टूल आता कोणत्याही बाजूस कलत नाही. हे काम आपल्या काळातच व्हावयास हवे होते.

टपालाच्या विमानाची चाचणी आम्ही उभयतांनी रीतसर केली. आधी पलीकडे, मग हिरवा. पुन्हा पुन्हा करून पाहिली, प्रत्येक वेळी तसेच. विमान उद्यापासून उडेल.

आपण इकडची चिंता करू नये. कन्येच्या घरी सुखाने राहावे.

आपला विश्वासू,
नवा माणूस

•

६ डिसेंबर

भावोजी,

नव्या माणसाचं पत्र मिळालं. भाषा छान आहे त्याची.

आता मला तिकडची काळजी नाही. लेक म्हणते, बाबा, कायमचे इथेच राहा. मी हो म्हटलं आहे. तुमचं अडत नाही, माझंही अडत नाही. चांगलं झालं.

उत्तराची घाई करू नका. तुम्ही दोघं कामात असाल.

पान्या

•

२ फेब्रुवारी

प्रिय पान्या,

दोन महिने तू लिहिलं नाहीस, मीही लिहिलं नाही. आज लिहायचं कारण असं, की परवा टपालाचं विमान नाकावर पडलं.

तुझ्या कानावर दुसरीकडून जाण्याआधी मीच सांगतो. सकाळची वेळ, आकाश मोकळं, वारा बेताचा. पायलटबाईने नेहमीसारखं रेडिओवर सांगितलं, चाकं खाली, तीन हिरवे. मी हँगरच्या दारात हात पुशीत उभा होतो. मागची दोन चाकं अलगद टेकली. अशी टेकवणारी माणसं कमी आहेत, हे मी आजही म्हणेन. मग नाक खाली आलं, पुढचं चाक टेकलं, थोडं धावलं. तिने ब्रेक दाबला आणि नाक सरळ जमिनीत गेलं. पंख्याची पाती आत वळली, ठिणग्या उडाल्या, विमान तिरकं होत गवतात जाऊन थांबलं. मी पळालो. या वयात मी किती पळू शकतो ते सगळ्यांनी बघितलं.

बाई जिवंत आहे. डावं मनगट मोडलं, भुवईला टाके पडले. मागे टपालाच्या पिशव्या आणि औषधांच्या पेट्या अशा एकावर एक आल्या होत्या, की तिला खिडकीतून काढावं लागलं. तिथे ज्याने त्याने आत हात घातला, पाय ठेवला, त्यामुळे कुठला दांडा तेव्हा कुठे होता हे आता देवालाही सांगता येणार नाही.

चौकशीला अधिकारी आलाय. हडकुळा, मऊ बोलणारा, स्वतःचे हातमोजे घेऊन फिरतो. आम्ही विमान उचलून जॅकवर घेतलं. कोपर शाबूत. बोल्ट शाबूत. बुशिंग नवी कोरी. काहीही तुटलेलं नाही. मग चाक मुडपलं कसं? याला एकच उत्तर आहे आणि ते तुलाही सुचलं असेल. त्या विमानात पंखांच्या झडपांचा दांडा आणि चाकांचा दांडा शेजारी शेजारी आहेत. उतरल्यावर झडपा मिटायच्या म्हणून हात गेला आणि भलताच दांडा ओढला गेला. चूक कळल्यावर तो परत खाली केला असेल, तोवर नाक गेलं होतं. जगभर होतं हे. चांगल्या चांगल्यांकडून होतं. अधिकाऱ्याचंही मत तिकडेच झुकलंय.

बाई नाही म्हणते. हात गळ्यात बांधून मला भेटायला आली होती. म्हणाली, "काका, झडपांना मी अजून हातच लावला नव्हता." मी म्हटलं, "बाई, घाईत आपला हात कुठे जातो ते आपल्यालाही कळत नाही." तिने एकदा विमानाकडे बघितलं आणि गेली.

तिचं उडणं बहुतेक सुटेल. मला वाईट वाटतं. पण चाक मी बसवलेलं आहे आणि चाकात दोष नाही, हे मला लिहून द्यावंच लागेल. अधिकाऱ्याने विचारलं, चाचणीला दुसरं कोण होतं? कायद्याने सही एकाचीच लागते, दुसरा माणूस ही आपली घरची पद्धत, त्यामुळे ते अडलं नाही. सांगितलं, तो सुटीवर आहे.

तुझा,
भावोजी

•

९ फेब्रुवारी

भावोजी,

बाईचं मनगट उजवं नाही हे त्यातल्या त्यात बरं. तिला माझा नमस्कार सांगा.

नवा माणूस सुटीवर आहे म्हणता. तो कामावर कधी होता?

त्याचं पत्र आलं तेव्हा पहिल्या काही ओळी मी खऱ्याच मानल्या. मला त्याचा रागही आला, इतका मी त्याला खरा मानला. मग 'ते कधीही ओरडत नाहीत' हे वाक्य आलं. भावोजी, तुमच्यापाशी अर्धा दिवस काढलेला माणूस असं लिहिणार नाही. असं लिहिणारा जगात एकच असू शकतो.

मी मोठ्याने हसलो. आणि मग हसू कुठल्या कुठे गेलं. म्हटलं, यांनी कागदाचा माणूस उभा केला, पण मला बोलावलं नाही. बसू दे एकट्याला. मला कळलं होतं की तुम्ही ती चाचणी एकट्याने केली आहे. पत्र हातात पडलं तेव्हा विमान उडायलाही लागलं होतं, पण मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने येऊ शकलो असतो. निदान फोन करू शकलो असतो, की थांबवा, मी येतोय, पुन्हा बघू. नाही केला. तुम्ही 'ये' म्हणाल याची वाट बघत इथे बसलो, आणि तोवर ती बाई रोज ते चाक घेऊन उडत होती. तिच्या मनगटात माझाही वाटा आहे. तो मी मागून घेतोय, तुम्ही नाही म्हणू नका.

आणि गोकुळ वगैरे जाऊ द्या. सगळे सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात. चांगली आहेत, थकलेली असतात. दिवसभर माझं बोलणं लिफ्टमध्ये होतं, तेही कुणी असलं तर.

आता कामाचं विचारतो. माझ्यावर चिडा, पण उत्तर द्या. तुम्ही एकटे होतात. दांडा वर, कोपर खाली. मग "पलीकडे" कोण म्हणालं आणि "हिरवा" कोण?

पान्या

•

१६ फेब्रुवारी

पान्या,

मी म्हणालो. दोन्ही मीच म्हणालो.

माणूस नव्हता, हे खरं. जाहिरात दिली होती. एक आला, त्याला कोपर म्हणजे काय हे समजावता समजावता त्याची गाडी निघायची वेळ झाली. मग तुला काय लिहायचं होतं? की जाताना तू म्हणालास तसंच झालं, भावोजी उघडे पडले?

पण एकट्याने केली म्हणजे कशीतरी केली असं समजू नकोस. तुझ्या ताईच्या कपाटाचं दार बिजागऱ्यांतून काढलं. त्याला आतून पूर्ण उंचीचा आरसा आहे, तुला माहीत आहे. पुसून लख्ख केला. पुढच्या चाकापाशी फळीवर तिरका ठेवला, कोन दोन दिवस बदलत राहिलो, तेव्हा कुठे वैमानिकाच्या खिडकीतून मान बाहेर काढली की कोपर, आणि मान जराशी आत घेतली की दिवा, असं लगोलग दिसायला लागलं. दांडा खाली केला. कोपर आलं, सरळ झालं, पलीकडे गेलं. मग दिवा लागला. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. प्रत्येक वेळी मोठ्याने ओरडलो, आधी एक, मग दुसरं. सवय म्हण. वॉचमन बघायला आला. त्याला वाटलं मी कुणाशी तरी भांडतोय. आत मी एकटाच बघून तो चपला न वाजवता परत गेला.

मला पुस्तक मिळालं नाही तेव्हा मी लोखंडाकडून शिकलो. शिकवणारा भेटला नाही तेव्हा उघडून, बिघडवून, परत जोडून शिकलो. ती युक्ती एखाद्या इंजिनिअरने काढली असती तर तिचा फोटो छापून आला असता. माझ्या डोळ्यांनी मी पाहिलंय. आरसा काही कुणाचा भाचा-पुतण्या नाही, माझ्या बाजूने खोटं बोलायला.

बाईच्या हाताची चूक माझ्या गळ्यात मारू नकोस. आणि वाटा मागू नकोस. इथे वाटण्यासारखं काही नाही.

भावोजी

•

२२ फेब्रुवारी

भावोजी,

तुमचं पत्र घेऊन मी लिफ्टमध्ये गेलो. तिथे मोठा आरसा आहे. मी हात लांब केला आणि कोपरात किंचित वाकवला, रेषेच्या अलीकडे राहील एवढाच. खाली बघितलं तर हात डावीकडे वाकलेला. आरशात बघितलं तर तिथला माणूस त्याच्या उजवीकडे वाकवून उभा. नुसतं बघत राहिलो तर काही वाटत नाही, आपण आरशातल्या माणसाला आपणच समजतो. पण मला तो हात लोखंडाचा आहे असं समजून बघायचं होतं. तसं बघितल्यावर माझं अलीकडे हे त्याचं पलीकडे होतं.

तिसऱ्या मजल्यावर एक आजी आत आल्या. "काय हो, हात दुखतोय का?" म्हणाल्या. म्हटलं, "हो." त्यांनी तेलाचं नाव सांगितलं.

इतकी वर्षं तुम्ही कोपर उघड्या डोळ्यांनी एका बाजूने बघत आलात. 'पलीकडे' म्हणजे कुठल्या अंगाला, हे तुमच्या डोळ्यांना पाठ आहे. आरशात ते अंग बदललं आणि डोळ्यांनी आपलं पाठांतर म्हणून दाखवलं. दिवा लागला तेव्हा कोपर अलीकडेच होतं. पुढचं ते झोकाने गेलं. हवेत दोन महिने ते कसंबसं पोहोचत राहिलं असेल, त्या दिवशी नाही पोहोचलं. माझ्याकडूनही हेच झालं असतं. पण दोघं असतो तर आरसा लागलाच नसता.

मी चुकत असेन. मी आठव्या मजल्यावर आहे, विमान तिथे आहे. तुम्ही आरसा बाजूला ठेवून एकदा बघा.

आणि जर मी म्हणतो तसं निघालं, तर अधिकाऱ्याला सांगा की खाली मी होतो. चुकीचं 'पलीकडे' मी ओरडलो. माझं लायसन पेटीत पडून आहे, गेलं तर पेटीत जागा होईल. तुमचं तेवढंच आहे तुमच्यापाशी. बाईही सुटेल आणि तुम्हीही.

पान्या

•

१२ मार्च

प्रिय पान्या,

तुझं पत्र वाचून मी ते घडी करून खिशात ठेवलं आणि तुला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या. काही नव्या होत्या. तू म्हणालास तसं आरसा बाजूला ठेवून बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. अंघोळीच्या आधी आरशासमोर दाढी करताना हात थांबला, एवढं पुरे होतं. तरी मी अधिकाऱ्याकडे गेलो नाही. चार दिवस गेलो नाही. हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी मी फार मोठ्या गोष्टी सांगायला लागलो तर तू हा कागद काढशील.

मग तोच आला. म्हणाला, अहवाल लिहून झालाय, फक्त शेवटचं एकदा चाक उचलून-सोडून बघू, म्हणजे माझं मन निवांत होईल. पायलटबाईही होती. तिला कशावर तरी सही करायची होती, म्हणून बोलावली होती. ती दाराशी उभी राहिली, आत आली नाही.

अधिकारी म्हणाला, "मी वर बसतो, तुम्ही खाली बघा. तुमची पद्धत काय असते?" मी सांगितली. दिवा लागला की 'हिरवा' म्हणायचं, आधी नाही, नंतर नाही. तो म्हणाला, "आणि तुम्ही?" म्हटलं, "मी त्याच्या आधी 'पलीकडे' म्हणतो." तो हसला. वर चढला. तुझ्याच जागेवर बसला, तुझ्यापेक्षा हलका आहे, विमान कुरकुरलं नाही.

मी खाली आडवा झालो. फरशी गार होती. दांडा पडल्याचा आवाज आला, पंप सुरू झाला, चाक उतरायला लागलं. कोपर माझ्या डोळ्यांसमोर उलगडत आलं. मधे आरसा नाही, काही नाही. ते सरळ होत होतं, झालं नव्हतं, आणि वरून आवाज आला, "हिरवा!"

पान्या, त्या हँगरमध्ये कितीतरी दिवसांनी दुसऱ्या माणसाचा तो शब्द ऐकला. पंप थांबला. चाकाने झोक घेतला, कोपर सरकत पलीकडे गेलं आणि टेकलं. क्षणभरातलं काम. आता वाकून बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसलं असतं. आणि खाली बघणारा मी एकटा होतो.

वरून अधिकारी म्हणाला, "तुम्ही काही बोलला नाहीत?"

त्या वेळी 'पलीकडे' म्हटलं असतं तर चाललं असतं. थोडा उशीर झाला, घसा बसलाय, काहीही सांगितलं असतं तर त्याने मानलं असतं. तो अहवाल लिहूनच आला होता.

मी म्हटलं, "पुन्हा सोडा." या वेळी पायाने चाक मागे रेटून धरलं, हवेत वारा रेटतो तसं. पुन्हा "हिरवा!" आला. पंप थांबला. आणि कोपर तिथेच राहिलं, अलीकडे. मी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने त्याला नुसतं टोचलं. चाक माझ्या अंगावरून वर गेलं.

मग मी अधिकाऱ्याला खाली बोलावलं. त्याचे हातमोजे काढायला लावले, फरशीवर आडवा केला, आणि मी वर जाऊन दांडा सोडला. त्याने स्वतः बघितलं. उठून बसला आणि विचारलं, "चाचणीच्या वेळी खाली कोण होतं?"

तू सांगितलंस तसं करायचं माझ्या मनातही आलं नाही असं नाही. पण तू तिथे नव्हतास, यामुळेच तर हे झालं. नसलेल्या माणसाच्या नावाने मी एकदा पत्र लिहून बसलोय. मी म्हटलं, "कुणी नव्हतं. मी एकटाच होतो, वर आणि खालीही." मग सगळं सांगितलं, आरशासकट. तो लिहीत होता. आरशापाशी त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "युक्ती चांगली होती." मला त्याचा जरासुद्धा आनंद झाला नाही, यावरून तू काय ते समज.

बाई आत आली. तिने एवढंच विचारलं, "काका, मी तीन हिरवे म्हणाले होते ना?"

"म्हणाली होतीस."

"मग तुम्ही मला हाताचं का म्हणालात?"

मी फरशीवरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलून पुसायला लागलो. ती दाराकडे वळली. मग गेली. तिचं उडणं वाचलं. माझ्याशी ती पुन्हा बोलेल असं मला वाटत नाही, आणि बोलावं असा माझा हक्कही नाही.

माझं लायसन त्यांनी ठेवून घेतलं आहे. परत मिळेल की नाही हे मोठ्या ऑफिसात ठरेल. टपालाचं विमान ट्रकवर घालून दुसरीकडे दुरुस्तीला नेलं. पंख सोडवायला मी हात लावू का विचारलं, तर ट्रकवाल्यांनी नम्रपणे नको म्हटलं. हँगरला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे नाही. सकाळी उठून सवयीने कपडे घालतो, बूट बांधतो, आणि मग खोलीतच बसतो. खिडकीतून धावपट्टी दिसते. तिच्यावर कुणी उतरत नाही.

तू वाटा मागितला होतास. घे. आता हरकत नाही.

आणि आता जे लिहायचं ते लिहितो. नोव्हेंबरात ते पार्सल बांधलं तेव्हाच मला तू यायला हवा होतास. टोपी आणि डबी काय, कपाटात आणखी वर्षभर राहिली असती. पण 'काम अडलंय, ये' असं लिहिलं असतं तर तुझ्यावाचून अडतं असं झालं असतं, म्हणून माणूस मिळाला असं लिहिलं. आज दांडा ओढायला मला कुणी नको आहे. विमान नाही, काम नाही, पगार पुढच्या महिन्यापासून नाही. तुला बोलवायला एकही कारण उरलेलं नाही.

तरी ये.

लेकीला विचारून ये, भांडून येऊ नकोस. खोलीत दुसरी खाट आहेच. जमत नसेल तर जमत नाही असं लिही, मी वाईट वाटून घेणार नाही, म्हणजे घेईन, पण तुला कळवणार नाही. काहीही असो, दोन ओळी टाक.

तुझा,
भावोजी